लाली सुखरूप आहे

१० जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ७.
टाकी आली. शोभेच्या माशांच्या दुकानवाल्या बाईंनी दोन माणसं आणून हॉलमध्ये बसवून दिली. चपलांचं कपाट बाल्कनीत गेलं. बायको म्हणाली, आता चपला कुठे काढायच्या ते टाकीलाच विचारा.

आतला ऐवज: खारं पाणी, बोटाएवढा एक पिवळा मासा, एक गोगलगाय, द्राक्षांच्या घडासारखी दिसणारी हिरवी वनस्पती, आणि लाली.

लाली भाऊजींची. समुद्रात वाढणारी, गडद लाल, परकराच्या झालरीसारखी पाण्यात हलत असते. नखाएवढ्या तुकड्यापासून सहा वर्षांत त्यांनी ती ओंजळभर केली. शास्त्राप्रमाणे हे शेवाळच, पण भाऊजींसमोर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. भाऊजी मे महिन्यात गेले. ताई परवा भाचीकडे निघते आहे, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. तीन महिने. तोवर टाकी माझ्याकडे.

ताईने स्वतः फोन करून विचारलं. आठ महिन्यांत तिने माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं. भाऊजी हॉस्पिटलात होते तेव्हा मला जाता आलं नाही. ऑडिट होतं.

संकल्प: तीन महिन्यांत लाली दुप्पट. पाणीपुरवठा खात्यात बावीस वर्षं काढली आहेत. पाणी मला कळतं.

ताईने भाऊजींच्या हातचा सूचनांचा कागद दिला. वाचला. माशाला दोन वेळा खाणं, दिवा आठ तास, हिरवीला पंधरा दिवसांनी कातरी लावायची. सोपं आहे. कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला, त्याच्या पाठीला दिव्याची वॉरंटी लावली, फाइलवर 'टाकी' लिहिलं. फोटो काढले. ४३.

११ जानेवारी, रविवार.
ताईला फोटो पाठवला. खाली लिहिलं: लाली सुखरूप आहे.
मग फोन. ताई म्हणाली, बाळू, दर रविवारी एक फोटो आणि एक फोन, बाकी मला काही नको. मी म्हटलं, रोज करतो. ती म्हणाली, रविवारी कर, पुष्कळ झालं. फोटोत गोगलगाय काचेच्या डाव्या कोपऱ्यात आहे. ती काय म्हणते म्हणून ताईने विचारलं. मी म्हटलं, अजून ओळख व्हायची आहे. ताई हसली. तिचं हसणं मी जरा विसरलोच होतो.

१३ जानेवारी, मंगळवार.
ऑफिसात सांगितलं. शेजारच्या टेबलावरचा आवक-जावक कारकून म्हणाला, साहेब, शेवाळासाठी घरी दिवा लावलात? गच्चीवरच्या टाकीत फुकट येतं, त्याच्या आपल्याकडे बाराशे तक्रारी पडून आहेत. या माणसाने आयुष्यभर फक्त शिक्के मारले. त्याला जिवंत गोष्टीतलं काय कळणार.

१७ जानेवारी, शनिवार. सकाळी ९.
टाकीतलं पाणी दोन बोटं खाली गेलंय. वाफ होते, साहजिक आहे. बादलीत मीठ कालवून समुद्राचं पाणी तयार केलं आणि भरलं. बायको म्हणाली, साधं पाणी घालायचं असेल ना? समजावून सांगितलं की समुद्रातल्या जिवाला नळाचं पाणी घालणं म्हणजे पाहुण्याची बोळवण करण्यासारखं आहे. ती म्हणाली, खात्यात तुम्ही आहात, मी नाही.

कडेला पांढरी पुटं चढली होती. पुसून काढली. टाकी कशी लखलखते आहे.

२५ जानेवारी, रविवार.
काचेवर हिरवट थर आला होता. दात घासायच्या जुन्या ब्रशने दोन तास घासला. पाणी गढूळ वाटलं म्हणून ते गाळायला आणखी एक स्पंज बसवला. मासा हावरट आहे, खातो आणि घाण करतो. आजपासून एक वेळ.

फोटो पाठवला. ताजाच आहे. लालीचा रंग किंचित फिका आलाय, पण तो सकाळच्या उन्हाचा दोष. ताईचं ऑपरेशन नीट झालं. तिला म्हटलं, पाणी इतकं स्वच्छ केलंय की पिऊन बघ. ती म्हणाली, फार स्वच्छ नको करूस रे. औषधांमुळे तिला झोप येत असावी.

३ फेब्रुवारी, मंगळवार.
लाली नारिंगी झाली आहे. म्हणजे बदल होतो आहे. म्हणजे वाढ होते आहे.
बायको म्हणाली, पिकलं पान दिसतंय. तिला म्हटलं, आशावादी राहायला शीक.
उपाय: प्रकाश. अभ्यासाचा टेबललॅम्प टाकीवर तिरका लावला. आठ तासांऐवजी बारा. मुलं लहान असताना याच दिव्याखाली आमच्या थोरलीला पंचाण्णव टक्के मिळाले होते.

८ फेब्रुवारी, रविवार.
पिवळी. कडा पारदर्शक. आजचा फोटो पाठवण्यासारखा नाही. ताईची तब्येत नाजूक, तिला उगाच कशाला त्रास. ४३ फोटोंपैकी बारा नंबरचा पाठवला. लाली सुखरूप आहे.

यात खोटं काही नाही. फोटो लालीचाच आहे, टाकीही तीच. फोटो कधी काढला हे ताईने विचारलेलं नाही. आमच्याकडे अर्जात जे विचारलेलं नसतं त्याचं उत्तर द्यायचं नसतं.

ताईने विचारलं, गोगलगाय? म्हटलं, आहे तिथेच आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार.
दिवसभर कुणी तरी खांद्यावरून वाकून बघतंय असं वाटत होतं. मागे वळलो तर आवक-जावक. म्हणाला, साहेब, एकाच तक्रारीवर तीनदा 'कार्यवाही सुरू आहे' लिहिलंत.

१५ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.
हिरवी वनस्पती गेली. काल हिरवीगार होती, आज काचेच्या मण्यांसारखी रिकामी, पांढरी. सगळं पाणी दूध सांडल्यासारखं. मासा वर येऊन तोंड उघडतो आणि मिटतो. कातरी लावायची राहून गेली होती. म्हणजे दोनदा राहून गेली.

दुपारी १.
डब्यात पाणी घेऊन दुकानात गेलो. बाईंनी एका काचेच्या यंत्रात थेंब टाकला, डोळ्याला लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्या यंत्रात आहे. म्हणाल्या, साहेब, हे लोणच्याचं पाणी झालंय. कमी झालं की काय घालता? मी म्हटलं, खारं. त्या म्हणाल्या, वाफ पाण्याची होते, मीठ तिथेच बसतं. दर वेळी मिठावर मीठ. पाण्यातला माणूस ना तुम्ही?

मग स्वच्छतेबद्दल विचारलं. सगळं सांगितलं, ब्रशसकट. त्या म्हणाल्या, माशाची घाण हेच लालीचं जेवण. तुम्ही तिला घासूनपुसून उपाशी मारलंत, वर उन्हात उभी केलीत. मी म्हटलं, भाऊजींच्या कागदावर यातलं काहीही नाही, हवं तर दाखवतो. त्या म्हणाल्या, शक्यच नाही. तो माणूस इथे येणाऱ्या प्रत्येकाला धरून सांगायचा की समुद्राला गोडं पाणी पाजा. पाठपोट बघा कागद.

दुपारी ३.
कागदाला मागची बाजू आहे.

आमच्याकडे अर्जाची मागची बाजू कोरी असते. बावीस वर्षांत मी एकही कागद उलटून पाहिलेला नाही. इथे मी स्वतःच्या हाताने तिच्यावर दिव्याची वॉरंटी लावली.

मागे लिहिलंय: पाणी उतरलं की साधं, गाळलेलं. काच घासत बसायचं नाही. लाली फिकी पडली तर माशाला जास्त खायला घाला, दिवा वाढवू नका.
आणि त्याखाली, अक्षर बरंच थरथरलेलं: 'बाळासाहेब, बाकीचं तुम्ही भेटायला आलात की समजावतो. हाताने फार लिहवत नाही.'

तारीख ते हॉस्पिटलात असतानाची आहे. ते मला नेहमी बाळासाहेब म्हणायचे. त्या घरात मला साहेब म्हणणारे तेवढेच.

कागद पुन्हा पाकिटात घातला. वॉरंटी वेगळी ठेवली.
ऑडिट होतं.

दुपारी ४.
ताईला फोटो पाठवला. नंबर सतरा. लाली सुखरूप आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार.
नवी सुरुवात. स्पंज काढला, लॅम्प काढला, ब्रश फेकला. बाईंनी सांगितल्याप्रमाणे रोज एक तांब्या साधं पाणी, एकदम नाही. मासा बाई येऊन दुकानात घेऊन गेल्या, तब्येत सुधारेपर्यंत. गोगलगायीला हात लावून म्हणाल्या, ही चिवट आहे, राहू दे तुम्हाला सोबत.

संकल्प: येत्या रविवारी ताईला सगळं सांगायचं.

२२ फेब्रुवारी, रविवार.
ताई आज पहिल्यांदा काठीशिवाय चार पावलं चालली. अशा दिवशी काय सांगणार. पुढच्या रविवारी.

१ मार्च, रविवार.
ताईला सर्दी. पुढच्या रविवारी.

७ मार्च, शनिवार.
लालीचा शेवटचा भाग सकाळी दगडावरून सुटला. हातात घेतला तर बोटांत राहिला नाही. ओला टिश्यू जसा विरघळतो तसा. दगडावर लाल रंगाचा एक डाग आहे. नखाएवढा. तो जिवंत असेल असं धरून चालतो.

बायको मागे उभी होती. तिने टॉवेल दिला.

८ मार्च, रविवार.
नंबर एकवीस पाठवला. ताईने व्हिडिओ मागितला. म्हणाली, झुललेली बघावीशी वाटते. फोनचा कॅमेरा बिघडलाय म्हटलं. मग हे फोटो कशाने काढतोस, तिने विचारलं. म्हटलं, फोटो निघतात, हालचाल निघत नाही. ती म्हणाली, असं असतं का. म्हटलं, या विषयाची नोंद घेतली आहे.

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, बहिणीशी बोलत होतात की तक्रारीला उत्तर देत होतात?

१४ मार्च, शनिवार.
गृहसजावटीच्या दुकानात प्लॅस्टिकची लाल झाडं मिळतात. सहज दिसली. घेतलं एक. लाली परत उगवेपर्यंत तिला आधार म्हणून. दगडाला दोऱ्याने बांधलं. लांबून पाहिलं तर कळत नाही. फार लांबून पाहिलं तर.

गोगलगाय त्याच्याजवळ गेली, शिंग लावलं आणि मागे फिरली.

१५ मार्च, रविवार.
सहा आठवड्यांनी ताजा फोटो पाठवला. थोडा लांबून, थोडा हात हलवून.
ताई म्हणाली, किती ताठ झाली रे.
म्हटलं, तब्येत सुधारली आहे.
ती म्हणाली, तुझी कशी आहे?
मला बरी म्हणून सांगायला एवढा वेळ का लागला कळलं नाही.

२१ मार्च, शनिवार. दुपार.
ही वही कुणी वाचत नाही. तेव्हा लिहायला हरकत नाही.

ऑडिट दोन दिवसांचं होतं. भाऊजी हॉस्पिटलात चोवीस दिवस होते.

मी एकदा गेलो होतो. संत्री घेऊन लिफ्टपर्यंत गेलो. लिफ्ट आली, माणसं उतरली, माणसं चढली, लिफ्ट गेली. असं चार वेळा झालं. त्यांना त्या अवस्थेत बघितलं तर तेच लक्षात राहील, अशी भीती वाटली. ज्यांनी माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी मला स्वतःचा चांगला शर्ट इंटरव्ह्यूला दिला, त्यांना नळ्या लावलेलं नको बघायला. संत्री समोरच्या बाकावर बसून खाल्ली. सगळी. मग ऑफिसात जाऊन आठ तक्रारींना उत्तरं दिली.

आणि वरच्या मजल्यावर ते मागची बाजू लिहीत होते.

२२ मार्च, रविवार.
आज सांगणारच होतो. ताई म्हणाली, अकरा एप्रिलला येते. आता समोरासमोरच सांगितलेलं बरं. अशा गोष्टी फोनवर शोभत नाहीत.
प्लॅस्टिकच्या झाडाचा आणखी एक फोटो गेला. दोरा दिसत होता.

५ एप्रिल, रविवार.
निवेदनाचा मसुदा तयार केला. 'ताई, तुझ्या दिनांक दहा जानेवारीच्या विनंतीनुसार ताब्यात घेतलेल्या...' बायकोने वाचला आणि पेनने सगळं खोडून वर दोन शब्द लिहिले: ताई, मेली.
म्हटलं, हे फार थेट होतं.
ती म्हणाली, मग तुमच्या पद्धतीने सांगा, पण ती उभी असताना नको, आधी खुर्चीत बसवा.

१० एप्रिल, शुक्रवार.
बाईंच्या दुकानात गेलो. लालीसारखी दुसरी मिळेल का विचारलं, उद्यापर्यंत. त्यांनी मान खाली घालून जाळी धुतली. म्हणाल्या, ताईंना येऊ द्या. आत कापड टाकून झाकलेली एक टाकी होती. मी विचारलं यात काय. त्या म्हणाल्या, गिऱ्हाइकाचं आहे, हात नका लावू.

११ एप्रिल, शनिवार. दुपारी १२.
ताई आली. काठी आहे, पण चालते छान. खुर्ची टाकीसमोर ठेवली. बसली. चष्मा लावला. मी मसुदा खिशात चाचपत होतो, तोवर तिने बाही वर करून हात पाण्यात घातला, दोरा सोडला, प्लॅस्टिकचं झाड बाहेर काढलं आणि म्हणाली, याला पाणी कसंही चालेल, नाही का.

मी म्हटलं, ताई, मेली.
ती म्हणाली, फेब्रुवारीत ना?

गोगलगायीने सांगितलं, म्हणाली. तीन वेगवेगळ्या रविवारी ती डाव्या कोपऱ्यात, शिंग तसंच वाकडं, खाली बुडबुडाही तोच. बाळू, खोटं बोलायचं तर गोगलगायीला तरी हलवायचंस.

बायको आत चहा ठेवायला गेली. बराच वेळ गेली. चहाला इतका वेळ लागत नाही.

मग मी सगळं सांगितलं. मीठ, ब्रश, लॅम्प. मागची बाजू. ऑडिट दोन दिवसांचं. ताई म्हणाली, माहीत आहे, तुझ्या ऑफिसात मी फोन केला होता, कुणी आवक-जावक म्हणून बोलले, ते म्हणाले, ऑडिट कालच संपलं, साहेब चहाला गेलेत. म्हणजे गेलं वर्षभर तिला माहीत होतं. संत्र्यांचंही सांगितलं. ते तिला माहीत नव्हतं. तिने विचारलं, गोड होती का? म्हटलं, आठवत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पाण्याकडे. डोळे पुसले तेव्हा हात ओलाच होता, त्यामुळे नक्की काय पुसलं सांगता येत नाही.

दुपारी २.
लाली आहे. निम्मी. टाकी माझ्याकडे देण्याआधीच ताईने अर्धी कापून बाईंकडे ठेवली होती. कापडाखाली तीच होती. बाईंना पहिल्यापासून माहीत. बायकोला मार्चपासून, बाईंनीच सांगितलं. म्हणजे या सगळ्या प्रकरणात लालीला धोका आहे असं फक्त मला वाटत होतं.

पहिल्यांदा राग आला. मग हायसं वाटलं. मग पुन्हा राग. विचारलं, माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता तर टाकी दिलीस कशाला?

ताई म्हणाली, तुझे भाऊजीच सांगून गेले होते. बाळू आता तोंड चुकवत राहील, त्याच्याकडे काहीतरी ठेव, म्हणजे फोन तरी करील. पण लाली पुरती देऊ नकोस, त्याला पाणी कळतं असं वाटतं.

१२ एप्रिल, रविवार.
सकाळी दोन माणसं येऊन टाकी घेऊन गेली. हॉलमध्ये फरशीवर चौकोनी डाग राहिलाय. चपलांचं कपाट परत आलं. लालीचा तुकडा मागावासा वाटला, नखाएवढा. मागितला नाही. ताईनेही दिला नाही. तेवढी ती शहाणी आहे.

एका छोट्या काचेच्या भांड्यात ताई गोगलगाय मात्र ठेवून गेली. आत एक पंप, एक दगड, आणि ताईने स्वतःच्या हाताने रोवलेलं ते प्लॅस्टिकचं झाड. बाहेरून पेनने रेघ मारली आहे: पाणी याखाली गेलं की साधं घालायचं. कागद दिला नाही. म्हणाली, दोन बाजूंचं तुला झेपत नाही.

१९ एप्रिल, रविवार. सकाळी १०.
रेघेपर्यंत साधं पाणी घातलं.

आज फोटो पाठवायचं कारण नव्हतं. तरी दहाला हात फोनकडे गेला. ताईने उचलला. मला काय बोलायचं सुचेना. तिलाही सुचलं नसावं, कारण तिने विचारलं, गोगलगाय काय म्हणते?

उठून, भांड्यापाशी जाऊन, नीट बघून सांगितलं. आहे तिथेच आहे.

ताई म्हणाली, खरं?

म्हटलं, थांब, अजून एकदा बघतो.